रुग्णालयाच्या संगणकाला दार हवे, भगदाड नको

रात्री-अपरात्री काढलेला सीटी स्कॅन पाहणारे रेडिओलॉजिस्ट अनेकदा दुसऱ्या शहरात असतात. एमआरआय यंत्र अडले तर ते दुरुस्त करणारा अभियंताही दूरच असतो. दोघांनाही रुग्णालयातील संगणकापर्यंत पोहोचायचे असते आणि मध्ये फायरवॉल असते. ही भिंत आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा जाऊ देते, बाहेरून येणाऱ्याला अडवते. मग पळवाट निघते. कोणीतरी संगणकावर फुकटचे रिमोट सॉफ्टवेअर टाकतो आणि त्याचा सोपा पासवर्ड सगळ्या विभागाला पाठ होतो.

याहून चांगला मार्ग जुनाच आहे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली. त्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ ही पद्धत तयार केली. तीत दोन संगणकांमधील सारा संवाद सांकेतिक रूपात जातो. वाटेत कोणी चोरून ऐकला तरी त्याचा अर्थ लागत नाही. फायरवॉलमागचा संगणक स्वतःहून बाहेरच्या एका विश्वासू सर्व्हरशी जोडणी करतो आणि त्याच जोडणीतून, बोगद्यातून यावे तसा, अधिकृत माणूस आत येतो. पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली वापरता येते. तिचा गुप्त भाग फक्त त्या व्यक्तीकडेच राहतो.

मात्र बोगदा सुरक्षित असला म्हणजे त्यातून येणारा सज्जन असतोच असे नाही. आत काय चालले आहे हे फायरवॉललाही दिसत नाही. त्यामुळे एखाद्या हुशार कर्मचाऱ्याने सोयीसाठी, कोणाला न विचारता खणलेला बोगदा हे भगदाडच ठरते.

याची किंमत रुग्ण मोजतात. अमेरिकेतील ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीत फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्लेखोर शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या दारातूनच. चोरलेला पासवर्ड पुरला, कारण तेथे ओळखीचा दुसरा पुरावा मागितलाच जात नव्हता. देशभरातील औषध दुकाने आणि रुग्णालयांचे व्यवहार विस्कळीत झाले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस नोंदणी आणि तपासण्यांची कामे कागदावर करावी लागली.

शस्त्रक्रियागृहात कोण गेले, कशासाठी गेले, याची नोंद ठेवली जाते. संगणकाच्या दारालाही तीच शिस्त हवी. बाहेरून येण्याचा मार्ग एकच आणि रुग्णालयाच्या ताब्यातला असावा. प्रत्येकाची किल्ली वेगळी असावी आणि तिच्या जोडीला मोबाइलवरचा ओटीपी किंवा तसाच दुसरा पुरावा असावा. अभियंत्याला फक्त त्याच्या यंत्रापुरता आणि कामापुरता प्रवेश मिळावा. प्रत्येक प्रवेशाची नोंद व्हावी. देखभालीचा करार संपला की त्याच दिवशी किल्ली रद्द व्हावी.

यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. कमतरता आहे ती जबाबदारीची. ‘ते संगणकवाल्यांचे काम’ असे म्हणून वैद्यकीय अधीक्षकांना हात झटकता येणार नाहीत. रुग्णाचा अहवाल वेळेवर मिळणे आणि तो भलत्याच्या हाती न पडणे, दोन्ही उपचाराचेच भाग आहेत.