घरूनच नमस्कार करा म्हणे!

मंडळी, "कशाला त्रास घेता, घरूनच हात जोडा, देवाला पोचतो" हे वाक्य ज्याने प्रथम काढले, त्याला मी दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसवीन. (मास्तरकीची खोड, दुसरे काय!)

पारगावातून सहल म्हणजे लेण्याद्री, ओझर, शिवनेरी. लेण्याद्रीला पावणेतीनशेहून जास्त पायऱ्या. कोरलेली लेणी फोडा असे कोणीच म्हणत नाही. डोली मिळते, पण डोलीत माणसाचे ओझे होते. ओझर मात्र सपाटीवर, कुकडीकाठी! तरी माझ्या धाकट्या बहिणीचे अडते ते देवळाच्या आधीच: गाडीच्या उंच पायरीवर, वाटेतल्या शौचालयाच्या अरुंद दारात. एके ठिकाणी उतार होता, पण घसरगुंडीसारखा. गणित पाचवीच्या पोराला सुटेल इतके सोपे आहे: एक फूट चढायला बारा फूट लांब उतार.

जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका झाला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली.

पुढच्या ग्रामसभेत मी विचारणार आहे, बारा फूट उताराला सिमेंटची पोती किती लागतात? बरोबर कोण येतंय?