उंबरावरून उतरलेला माणूस

‘तुमचं बरं आहे बुवा! हवं ते करायचं आणि फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं.’ विरार लोकलमध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली हसून सोडून देतो. पण आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देव दयाळू मानला की पाप स्वस्त होतं, असं त्याचं म्हणणं. आणि पुरावा आम्हीच पुरवलाय. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना गुपचूप एका पॅरिशमधून दुसरीत हलवलं जात होतं, हे २००२ मध्ये बॉस्टनमध्ये चव्हाट्यावर आलं. तिथे दया म्हणजे गुन्हेगारावर घातलेलं पांघरूण होतं. त्या मुलांना कुणी विचारलंही नव्हतं.

मात्र ज्यांनी हे केलं त्यांनी क्षमेचं शास्त्र पाळलं नाही, मोडलं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पापी माणसाकडून तीन गोष्टी मागितल्या: अनुताप, कबुली आणि भरपाई. पुन्हा ते न करण्याचा निश्चय अनुतापातच आला. चोरलेलं परत द्यायची तयारी नसेल तर पापनिवेदन, गोव्याकडचं कुमसार, ही तोंडाची वाफ. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तिथेच ठेवायला लावतो आणि आधी दुखावलेल्या भावाकडे धाडतो. लोकलमधल्या दोस्ताला हे ठाऊक नसतं. आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असून गैरसोयीचं वाटतं. नाझींनी १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ च्या पुस्तकात या सोयीलाच ‘स्वस्त कृपा’ असं नाव दिलं होतं.

आता दुसरं टोक. काही प्रवचनकारांना दयेचीच धास्ती वाटते. आधी रडा, नाक घासा, लायक व्हा. मग देव पाहील! उपवासकाळात हा सूर जरा जास्तच चढतो. माझं भांडण खरं यांच्याशी आहे, कारण हे घरातले.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा घरी निघतो तो कशामुळे? भुकेमुळे. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांवर त्याची नजर आहे आणि बापाच्या चाकरांना पोटभर भाकर मिळते हे त्याला आठवतंय. असल्या अनुतापाला आमच्या प्रवचनकारांनी दारातूनच परत लावलं असतं. बाप मात्र तो लांब असतानाच त्याला पाहतो आणि धावत सुटतो. घरंदाज म्हातारा भर रस्त्यात धावतोय, आमच्या वसईतही लोक थांबून बघतील! मुलाने वाटेत भाषण घोकलंय. त्यातलं ‘मला चाकर म्हणून ठेव’ हे वाक्य यायच्या आत बाप झगा आणि अंगठी मागवतो. ते वाक्य राहूनच जातं.

‘पश्चात्ताप’ हा शब्दही आपल्याला थोडा चकवतो. त्यात मागाहून होणारा ताप तेवढा दिसतो. नव्या करारातल्या ग्रीक ‘मेटानोइया’त मन पालटणं आहे, हिब्रू ‘शूव’मध्ये परत फिरणं. आणि परत फिरायचं तर घर उघडं आहे हा भरवसा आधी लागतो. बंद दाराकडे कोण फिरेल?

मग दयेने माणूस शेफारतो का? यरीहोचा जक्कय पाहा. मुख्य जकातदार, गावाला नकोसा. येशू दिसावा म्हणून उंबरावर चढून बसलेला. येशू त्याला पाप विचारत नाही, अट घालत नाही. खाली उतर, आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो. लोक कुरकुरतात, आणि तेवढ्यात जक्कय हिशेब मांडतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं. चौपट त्याच्याकडे कुणीच मागितलं नव्हतं.