‘जनक’ कोणाला म्हणावे?

१/ आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे ‘जनक’ म्हणून जे. मॅरियन सिम्स यांचे नाव घेतले जाते. त्या बिरुदाखाली तीन नावे गाडली गेली आहेत: अनार्का, ल्युसी, बेट्सी. आजचा #थ्रेड त्यांच्या बाजूने.

२/ आधी व्याधी समजून घेऊ. प्रसूती अडून दोन-तीन दिवस लांबली, की बाळाच्या डोक्याखाली मूत्राशय आणि योनी यांमधला पडदा चेपला जातो. रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरतात, छिद्र पडते. मग मूत्र अहोरात्र झिरपत राहते. बाई जगते, पण माणसांतून उठते.

३/ अनार्का जेमतेम सतरा वर्षांची. तीन दिवस वेणा सोसून तिच्या नशिबी हेच आले. ती गुलाम होती. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे सिम्स यांनी अशा अनेक गुलाम स्त्रियांवर प्रयोग केले. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता.

४/ ‘तेव्हा भूल होतीच कुठे?’ हा ठरलेला बचाव. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये इथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतरही येथे भूल दिली गेली नाही. पुढे सिम्स यांनी सांगितले, की या शस्त्रक्रियेतील वेदना भूल देण्याइतकी नसते. मात्र ल्युसीला झालेल्या भयंकर यातनांची नोंद त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. म्हणजे हे अज्ञान नव्हते.

५/ ‘स्त्रियांनाही बरे व्हायचे होते.’ होतेच! पण परवानगी मालकाची लागे. जिला नकाराचा अधिकार नाही, तिच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

६/ अपयशांमुळे सहकारी डॉक्टर गळाले, तेव्हा याच स्त्रिया एकमेकींच्या शस्त्रक्रियांत साहाय्यक झाल्या. अखेर चांदीच्या तारेचे टाके टिकले. १८५२ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. श्रेय एकट्या सिम्स यांना मिळाले.

७/ २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्यांचा पुतळा हलवला, तेव्हा ‘इतिहास पुसला’ अशी ओरड झाली. मित्रहो, इतिहास पुसला गेला तो आधीच, पुतळा उभारताना. २०२१ मध्ये माँटगोमेरीत या तिघींचे स्मारक उभे राहिले. तेथे त्यांना स्त्रीरोगशास्त्राच्या ‘माता’ म्हटले आहे.

८/ तंत्र उपयोगी ठरले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उपयोग झाला म्हणून अन्याय फिटत नाही. यापुढे कोणी ‘जनक’ म्हटले, तर एवढेच विचारा: आणि माता कोण?