खोलीचा झाला स्टुडिओ!

भाचीला गिरगावातलं 'नूतनीकृत स्टुडिओ अपार्टमेंट' विकत घ्यायचंय. परवा दोघं बघून आलो. अहो, चाळीतलीच खोली की ती! मोरीच्या जागी काचेचं न्हाणीघर, ओटा नवा, फरशी गुळगुळीत. खाली भाजीवाले, फुलवाल्या... ती गजबज मात्र मलाही आवडली. पण कागद मागितले तर निघाली पागडीची! म्हणजे पैसे मोजून मिळणार तो भाडेकरूचा हक्क, मालकी नव्हेच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीची देवघेव वैध ठरवली, हे खरं. पण मग जाहिरातीत सरळ 'पागडी' लिहायला काय होतं? ही मला तरी शुद्ध लबाडी वाटते. घरमालकाची संमती लागणार, त्याचा वाटा द्यावा लागणार, तो वेगळाच. भाची रुसली आहे. "मामा, तुम्ही फरशीसुद्धा धड बघितली नाहीत," म्हणाली.