आर्थर मॉर्गनचा घोडा

'रेड डेड रिडेम्प्शन २' या गेमच्या शेवटाकडे आर्थर मॉर्गनचा घोडा गोळी लागून कोसळतो. पाठलाग चालूच असतो, तरी आर्थर त्याच्यापाशी गुडघे टेकतो, मानेवरून हात फिरवतो आणि त्याचे आभार मानतो. २०१८ साली आलेला हा गेम खेळलेल्या नाशिकच्या मुलांकडे हा प्रसंग काढला, की ती आधी घोड्याला ठेवलेलं नाव सांगतात आणि मग थोडा वेळ बोलत नाहीत.

या घोड्याला त्यांनी खरारा केलेला असतो, चारलेलं असतं, थोपटलेलं असतं. जितकी निगा राखावी तितका तो कमी बुजतो. मोहीम बाजूला ठेवून डोंगरदऱ्यांत नुसतं भटकता येतं. आर्थर वहीत पशुपक्ष्यांची चित्रं काढत राहतो. जीव जडतो तो या बिनकामाच्या तासांत. पुढे आर्थरला क्षय होतो. कर्जवसुलीसाठी ज्या आजारी माणसाला तो मारहाण करतो, त्याच्याकडूनच हा आजार जडतो. आणि त्या वेळी बटणावर बोट खेळणाऱ्याचं असतं. 'मृत्युंजय' वाचताना आपण कर्णासाठी हळहळलो, पण त्याच्या चुकांत आपला हात नव्हता. इथे दुःखात अपराधाचा वाटाही येतो. कथेच्या इतिहासात हे नवं आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

घरात मात्र या मुलांना ऐकावं लागतं, 'अरे, गेम आहे तो! रडतोस काय?' हे नाशिककरांनी तरी म्हणू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' १९१७ साली आला, तेव्हा पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायताणं काढत, असं सांगतात. त्या चित्रपटात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या. तरी हात जोडले जात. पंचवटीत सीतागुंफेत आजही माणसं अंग चोरून उतरतात आणि सीतेसाठी कळवळतात. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या बेलवलकरांसाठी १९७० पासून नाट्यगृहं रडत आली आहेत.

गेमपायी झोप आणि अभ्यास घालवणारी मुलं आहेत, पैसे ओतायला लावणारे गेमही आहेत. ती काळजी रास्तच. पण त्या काळजीपोटी मुलाचं दुःखच खोटं ठरवलं, तर पुढच्या वेळी तो आपल्याला काही सांगायला येणार नाही.

म्हणून यंदाच्या अंकातला एक विभाग आम्ही या मुलांना दिला आहे. त्यात गेमची परीक्षणं नाहीत. कोण कुठे रेंगाळलं, कुणाला कुणाला सोडून जाववलं नाही, एवढंच आहे. एकाने शेवटची मोहीम सुरूच केलेली नाही. घोडा जिवंत राहावा म्हणून.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली भावाला शोधत निघालेल्या 'राजी'ची गोष्ट गेममध्ये आणली. आता नाशिककडून आमची मागणी आहे. रामशेजच्या तटावर रात्रीचा पहारा देता येईल, हरिहरच्या कातळपायऱ्या चढता येतील, कंटाळा आला तर गोदाकाठी नुसतं बसता येईल आणि भेटणारा प्रत्येक जण मराठीत बोलेल, असा गेम इथल्या मुलांनी करावा. संवाद लिहायला माणसं लागतील; या अंकातल्या दोन कथाकारांनी आत्ताच होकार दिला आहे.

– संपादक