कारण सापडलं, पण तिकीट बंद झालं का?

परवा लंच टाइममध्ये आमच्या टेबलावर नेहमीप्रमाणे क्रिकेटवरून सुरू झालेली गाडी खेळाडूंच्या वागण्यावर घसरली. कुणीतरी निक किर्गिओसचं नाव काढलं. एक जण म्हणाला, "ही बरी युक्ती आहे. आधी राडा करायचा, मग डिप्रेशन आहे म्हणायचं." त्यावर दुसरी उसळून म्हणाली, "अरे, आजारी माणसाला कसली शिक्षा करताय?" दोघंही ठाम. डबे संपले, वाद काही संपला नाही. मी मात्र गप्प होतो. का, ते पुढे सांगतो.

आधी किर्गिओसचं प्रकरण थोडक्यात. जानेवारी २०२१ मध्ये कॅनबेरात भांडण झालं असताना त्याने तेव्हाच्या मैत्रिणीला ढकलून खाली पाडलं. आरोप दाखल झाल्याची बातमी आली जुलै २०२२ मध्ये, नेमका विम्बल्डन चालू असताना. त्या स्पर्धेत तो फायनलपर्यंत गेला आणि जोकोविचकडून हरला. पुढे त्याच्या वकिलांनी मानसिक आरोग्याच्या कारणावरून आरोप रद्द करण्याची मागणी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. मग त्याने गुन्हा कबूल केला, माफी मागितली आणि कोर्टाने दोषसिद्धीची नोंद न करता प्रकरण संपवलं.

आता "युक्ती आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील. २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी आपण नैराश्यात होतो, स्वतःला इजा करत होतो, हे किर्गिओसने फेब्रुवारी २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. म्हणजे आरोपाची बातमी येण्याच्या काही महिने आधी. त्यामुळे आजार अंगाशी आल्यावर शोधून काढला, असं म्हणणं मला पटत नाही.

आणि "आजारी माणसाला कसली शिक्षा" म्हणणाऱ्यांसाठी दुसरा तपशील. जी मुलगी खाली पडली, तिला लागायचं ते लागलंच. ढकलणाऱ्याचा आजार खरा निघाला म्हणून तिचं पडणं खोटं होत नाही.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्याला नेमकं हेच जड जातं. आपल्या डोक्यात दोनच कप्पे असतात, एक "नाटकं करतोय" आणि दुसरा "बिचारा".

या दोन्ही कप्प्यांत न बसणारा एक माणूस मला फार आवडतो. रॉन आर्टेस्ट. बास्केटबॉल न बघणाऱ्यांनीही त्याची ती क्लिप पाहिली असेल. १९ नोव्हेंबर २००४, डेट्रॉइटजवळचं ऑबर्न हिल्स. सामना संपायला ४५.९ सेकंद बाकी आणि आर्टेस्टचा इंडियाना संघ ९७-८२ असा पुढे, म्हणजे सगळं संपल्यात जमा. तेवढ्यात त्याने बेन वॉलेसला जोरात फाउल केला, वॉलेसने त्याला धक्का दिला, दोन्हीकडची मंडळी जमली. आर्टेस्ट बाजूला जाऊन गुणलेखकांच्या टेबलावर चक्क आडवा झाला. एवढ्यात प्रेक्षकांतून पेयाने भरलेला पेला त्याच्या अंगावर आला आणि हा थेट प्रेक्षकांत घुसला. धरला तो माणूसही भलताच! पेला फेकणारा वेगळा होता.

लीगने त्याला उरलेल्या सगळ्या मोसमासाठी बाहेर काढलं. प्लेऑफ धरून ८६ सामने. पगारातले जवळजवळ ५० लाख डॉलर गेले. कोर्टाकडून एक वर्ष प्रोबेशन, ६० तास समाजसेवा आणि राग आवरण्यासाठी समुपदेशन, हे वेगळंच.

सहा वर्षांनी, १७ जून २०१० ला, हाच माणूस लेकर्सकडून खेळत होता. फायनलचा सातवा सामना, समोर बोस्टन. लेकर्स ८३-७९ ने जिंकले, त्यातले २० गुण याचे. सामना संपल्यावर टीव्हीवर आभार मानताना त्याने स्वतःच्या मानसोपचारतज्ज्ञाचेही आभार मानले. लोक हसले. त्या वर्षाअखेर त्याने आपली चॅम्पियनशिपची अंगठी सोडतीत काढली आणि मानसिक आरोग्याच्या कामासाठी पाच लाख डॉलरहून जास्त पैसे उभे केले. २०११ मध्ये लीगचा समाजकार्याचा पुरस्कारही मिळाला.

हिंदी सिनेमा असता तर इथे 'समाप्त' अशी पाटी आली असती. पण एप्रिल २०१२ मध्ये त्याने जेम्स हार्डनच्या डोक्यात कोपर मारलं. हार्डनच्या मेंदूला मार बसला. याला पुन्हा ७ सामन्यांची बंदी. (गंमत म्हणजे तोवर त्याने नाव बदलून मेटा वर्ल्ड पीस असं ठेवलं होतं!) एवढे उपचार, एवढं समाजकार्य, तरी बंदी घातली आणि योग्यच केलं. त्याचबरोबर ही चूक झाली म्हणून आधीचे उपचार ढोंग होते, असंही ठरत नाही. आजार असाच असतो, सरळ रेषेत बरा होत नाही.

आता जरा आमच्या धंद्यातलं सांगतो. प्रॉडक्शन पडलं की आम्हाला आरसीए लिहावा लागतो, म्हणजे काय बिघडलं आणि का, याचा अहवाल. त्यात तीन रकाने असतात. मूळ कारण काय, झालेलं नुकसान कसं भरून काढलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. फक्त पहिला रकाना भरून पाठवला तर मॅनेजर तो तसाच परत पाठवतो. सर्व्हरची मेमरी का संपली हे कळलं, छान झालं. पण त्या रात्री ज्या गिऱ्हाइकाचे पैसे मध्येच अडकले, त्याचं काय?

मानसिक आजार हा पहिला रकाना आहे. तो भरलाच पाहिजे, आणि प्रामाणिकपणे. पण तेवढ्याने तिकीट बंद होत नाही.

मी टेबलावर गप्प का होतो, ते आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री दीड वाजता कॉलवर मी एका फ्रेशर मुलावर ओरडलो होतो. पंधरा जणांसमोर. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या काळात माझी झोप उडालेली, छातीत धडधड, बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरायचं. महिनाभराने शेवटी डॉक्टरांकडे गेलो, तर निदान झालं अँक्झायटीचं. खरं सांगू? पहिल्यांदा हायसं वाटलं. चला, म्हणजे तो मी नव्हतोच, आजार होता! डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलाशी बोललात का?"

नव्हतो बोललो. आणखी आठवडा टाळाटाळ केली, मग बोललो. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं मलाच काही येत नाही. मी नोकरी सोडणार होतो." माझ्या आजाराचं नाव कळल्यावर मी सुटलो होतो, पण तो पोरगा महिनाभर माझं ओझं वाहत होता.

अर्थात, अपवाद आहे. माणसाला आपण काय करतोय हेच कळत नसेल, ते चूक आहे हे कळण्याची ताकदच आजाराने काढून घेतली असेल, तर त्याला गुन्हेगार धरू नये. आपला कायदाही हेच म्हणतो; पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. पण ही पायरी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. नुसता आजार असणं त्यात पुरत नाही. ती उंच असलेली बरी, कारण आजारी माणसं म्हणजे घातक माणसं नव्हेत. बहुतेक जण गोळ्या घेतात, लोकल पकडतात, कामावर जातात आणि कुणाला बोटही लावत नाहीत. प्रत्येक राड्याला आजाराचं लेबल लावलं की ती बदनामी या सगळ्यांच्या वाट्याला येते. उद्या यांच्यातलाच कुणी बॉसकडे दोन दिवसांची रजा मागेल, तेव्हा बॉसच्या डोळ्यासमोर कोण येईल?

खेळातही वेळीच थांबणारे आहेत की. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी मालिका अर्ध्यात सोडली. तेव्हा २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपलीही अशीच अवस्था झाली होती, असं सांगून विराट कोहलीने त्याची पाठराखण केली. थांबायला मिळालं तर बरेच राडे टळतील. म्हणून खेळाडूला आजार सांगण्याची भीती वाटता कामा नये, आणि दुसऱ्याला इजा केल्यावर त्याच्यामागे लपताही येता कामा नये.

तर पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूचं असं निवेदन आलं की मी आजार खरा की खोटा ते शोधत बसणार नाही. ते डॉक्टरांचं काम. मी दोनच गोष्टी बघणार. ज्याला लागलं त्याचा त्यात उल्लेख आहे का? आणि पुढे काय करणार, ते लिहिलंय का?

सोमवारी टेबलावर हे सगळं बोलायचं ठरवलंय. माझ्या त्या दीड वाजताच्या कॉलसकट. तो मुलगाही आता आमच्याच टेबलावर जेवतो.