सात एअरबॅगा आणि रेडियमचे फडके

आपल्या वार्षिकांकात सहलीचे वर्णन असते, आईवर कविता असते आणि ‘आजचा तरुण कुठे चालला आहे?’ हा लेख तर दर वर्षी असतोच. मोटारगाडीवर कुणी लिहिल्याचे मात्र मला आठवत नाही. त्यामुळे मी विषय सांगितला तेव्हा सरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “तुझ्याकडे गाडी आहे का?” मी नाही म्हटले. “मग अनुभव कुणाच्या गाडीचा लिहिणार?” मी म्हणालो, “दुसऱ्याच्या, सर.” सर हसले आणि ‘लिही’ म्हणाले. म्हणून हे धाडस. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, हे आधीच कबूल करतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर आमचा नाही. ऊसवाहतुकीचा ठेका घेणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा तो. त्यांना सगळे तात्या म्हणतात. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला. तात्यांनी पुण्याहून एक जुनी ऑडी ए-थ्री आणली आहे, २०१५ सालची, डिझेलवर चालणारी. गेल्या हंगामात, नोव्हेंबरअखेरीस, त्यांना इंदापूरला एका लग्नाच्या बैठकीला जायचे होते आणि नेहमीचा ड्रायव्हर गावी गेला होता. त्यांनी मला बोलावून चावी हातात दिली. मी मागेपुढे पाहू लागलो तसे म्हणाले, “चालव की रं! लायसन काय फ्रेम करून भिंतीला लावायला काढलंय?”

अशा गाड्यांना मी आलिशान मोटारींच्या जिन्याची पहिली पायरी म्हणतो. ज्या कंपन्या मोठ्या श्रीमंतांसाठी लांबलचक गाड्या काढतात, त्याच कंपन्या खालच्या पायरीवरच्या गिऱ्हाइकासाठी एक आटोपशीर गाडी काढतात. मर्सिडीजची ए-क्लास तसली, बी.एम.डब्ल्यू.ची वन सीरीज तसली आणि ही ए-थ्रीही तसलीच. ए-थ्री सेडान आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत सुमारे २३ लाख रुपये होती. त्याच वर्षी तिला जगातली सर्वोत्तम मोटार हा किताब मिळाला होता. नाव जर्मन असले तरी आपल्यासाठी तिची जोडणी होत असे मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. ज्या सांगाड्यावर ती उभी आहे, त्याच सांगाड्यावर स्कोडाची ऑक्टेव्हियाही उभी असते. म्हणजे हाडे सारखी, अंगरखा निराळा. पण बोनेटवर एकमेकांत गुंतलेली चार कडी असली की लोक रस्ता देतात. १९३२ साली जर्मनीतल्या चार मोटार कंपन्या एकत्र आल्या, त्यांची ती चार कडी. हे तात्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्यांना कड्यांचा उपयोग ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. बसताक्षणी पहिले जाणवले ते हे की, आपण जमिनीच्या फार जवळ आहोत. ट्रॅक्टरच्या सीटवरून उसाचे शेंडे दिसतात, इथून नुसता बांध दिसतो. गाडी सुरू झाली तसा डॅशबोर्डमधून एक चपटा पडदा नाटकाच्या रंगमंचासारखा हळूच वर आला. माझा डावा पाय मात्र क्लच शोधत राहिला. या गाडीत दोन क्लच आहेत, पण पायाखाली एकही नाही. एक क्लच पहिला, तिसरा आणि पाचवा गिअर सांभाळतो, दुसरा क्लच दुसरा, चौथा आणि सहावा. तुम्ही तिसऱ्यात चालत असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. त्यामुळे गिअर कधी बदलला ते कळत नाही. कारमध्ये ड्रायव्हिंग शिकताना ज्या क्लचने मला रडवले होते, ते काम इथे गुपचूप आपोआप होत होते.

बारामती सोडून काटेवाडीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. हा आपला संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. आषाढात याच वाटेने पालखी जाते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतात. त्या रस्त्यावर मी पाय जरा दाबला. क्षणभर गाडीने विचार केल्यासारखे केले आणि मग पाठीत कुणीतरी मायेने हात घालून पुढे ढकलावे तशी ती निघाली. दोन लिटरचे इंजिन, १४३ अश्वशक्ती. पण आकड्यापेक्षा आश्चर्य शांततेचे. काचा वर होत्या. डिझेलची घरघर दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी येत होती. स्टिअरिंग हलके, पण वेग वाढला की हाताला जड लागते, आणि वळणावर गाडी झुकत नाही. उणिवाही सांगायला हव्यात. मागे बसलेल्या तात्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. एका गावात हौसेने घातलेल्या उंच गतिरोधकावर पोट घासल्याचा आवाज आला, तेव्हा ते जागच्या जागी उचलले गेले, जणू त्यामुळे गाडी हलकी होणार होती!

जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागला तेव्हा एक गोष्ट आठवली. ज्या शेठ वालचंद हिराचंदांच्या नावाने हे गाव आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी त्याच कंपनीची. आपल्याच परिसरात साखरेचा कारखाना काढणारा माणूस मोटार या देशात बनली पाहिजे हे स्वप्न पाहत होता. म्हणजे ऊस आणि मोटार यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. गावच्या माणसाला चांगली गाडी कशाला, असे नाक मुरडून विचारणाऱ्यांपैकी मी नाही. घाम गाळून पैसा मिळवला असेल तर मऊ सीटवर बसायचा हक्क सर्वांना आहे.

पण जाताना अंथुर्ण्याच्या अलीकडे एक गोष्ट घडली, ती लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर उजव्या बाजूने रांगत होता. मी हॉर्न दिला. तो हलेना. पुन्हा दिला, लांबलचक दिला, आणि तोंडातून एक शब्द गेला. तो शब्द इथे छापता येणार नाही. शेवटी ट्रॅक्टर डावीकडे सरकला. पुढे जाताना मी त्या ड्रायव्हरकडे पाहिले. डोक्याला मफलर, तोंडावर धूळ. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तशी पाहण्याची पद्धत मी ओळखतो. आमच्या घरी रोज जेवायला बसते ती. अवघे पंचवीस-तीस किलोमीटर मी त्या सीटवर बसलो होतो, तेवढ्यात मी माझ्या बापाला हॉर्न मारायला शिकलो होतो.

परतताना अंधार पडला. तात्या मागे डुलक्या घेत होते. लासुर्णे सोडल्यावर रस्ता मोकळा वाटला. काटा कधी शंभरावर गेला ते कळले नाही, कारण ही गाडी वेग कानाला सांगतच नाही. समोरून एका ट्रकचे दिवे डोळ्यांत आले. ते सरले, आणि माझ्या पुढे रस्त्याच्या जागी ऊस होता. दिवा नाही, लाल काही नाही, नुसते लोंबणारे वाढे. मी ब्रेकवर उभा राहिलो. पायाखाली ब्रेक थरथरला, पट्ट्याने छाती आवळली, गाडी सरळ रेषेत राहिली आणि थांबली. बोनेट आणि उसाच्या मध्ये फार तर दोन हात जागा उरली असेल. ट्रॉली तशीच पुढे गेली. मागे काय झाले याचा त्या ड्रायव्हरला पत्ताही नव्हता. तात्या जागे होऊन म्हणाले, “काय झालं रं?” मी म्हणालो, “काही नाही, तात्या.” बारामतीपर्यंत मी साठाच्या वर गेलो नाही.

रात्री अण्णांना सगळे सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “ट्रॅक्टरवाल्याला लागलं का न्हाय?” गाडीला किंवा मला लागले का, हे त्यांना दिसतच होते. मी जरा चिडून म्हटले, “अण्णा, तुम्ही लोक मागे दिवा का लावत नाही?” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमाला मागचं दिसत न्हाय, अन् तुमाला म्होरचं दिसंना व्हय?” त्यानंतर त्यांनी शांतपणे समजावले. ट्रॉल्या सोडताना-जोडताना दिव्याची वायर तुटते. ऊस भरताना बल्ब फुटतो. ट्रॉलीच्या फळीवर रेडियम असते, पण भरल्यावर वाढे खाली लोंबतात आणि ते झाकून जाते. पैसे खेपेवर मिळतात. दिवा दुरुस्त करायला थांबले तर कारखान्यावरचा नंबर जातो आणि रात्र यार्डात काढावी लागते.

कुणी म्हणेल, मग रात्री ऊसवाहतूक बंदच करा. तोडलेला ऊस ठेवला की वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. म्हणून हंगामात गव्हाण दिवसरात्र चालू असते. ट्रॅक्टर रात्रीही धावणारच. कुणी म्हणेल, चूक तुझ्या वेगाची होती. ती मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. पण रस्त्यावर चुकणारा मी एकटा नाही, आणि चुकीची शिक्षा मरण असू नये.

माझे मत असे आहे. तात्यांच्या गाडीत सात एअरबॅगा आहेत, चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक आहेत, पट्टे आहेत. जर्मनीतल्या इंजिनिअरांनी आतल्या माणसाचा फार बारकाईने विचार केला आहे, आणि त्या विचारानेच मला वाचवले, हे मी विसरणार नाही. पण ही सुरक्षितता एका बाजूनेच विकत घेतलेली आहे. ज्याच्यावर आपण आदळू शकतो, तो जोवर दिसत नाही तोवर ती अर्धीच. मोटारीच्या मागे लाल परावर्तक हवेत असा कायदा ट्रॉलीलाही लागू आहे. आणि परावर्तकाला ना वायर लागते, ना बॅटरी. त्यात काचेचे बारीक मणी असतात, ते येणारा उजेड आला तिकडेच परत पाठवतात. दिवा मोटारीचा, ट्रॉलीने फक्त उत्तर द्यायचे. लाखोंची गाडी आणि थोडक्या पैशांचे फडके मिळूनच सुरक्षिततेचा हिशोब पुरा होतो. गंमत अशी की, आमच्या बाबतीत गाडी आणि ट्रॉली या दोन्हींचा मालक एकच माणूस आहे.

हे मी तात्यांना सांगितले. सांगताना जीभ अडखळली, कारण अण्णांची खेप त्यांच्या हातात आहे. ते म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असा असतो. पण आठ दिवसांनी अण्णांच्या मागच्या ट्रॉलीला रेडियमचे लाल कापड आले. ते फळीला ठोकलेले नाही. चार कोपऱ्यांना दोऱ्या आहेत, ते भरलेल्या उसावर वरून बांधायचे. म्हणजे वाढ्यांनी झाकत नाही आणि ट्रॉली रिकामी झाली की सोडून सीटखाली ठेवता येते. ही युक्ती अण्णांची.

तात्यांच्या बाकीच्या ट्रॉल्यांना ते अजून लागलेले नाही. त्या रात्री माझ्यापुढे आलेली ट्रॉली कुणाची होती, ते मला आजही माहीत नाही.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना माझी या अंकातून विनंती आहे. यंदा हंगाम सुरू होताना आपल्या शिबिराचा एक दिवस रस्त्यावर घ्यावा. झाडे लावणे चांगलेच आहे, तेही करू. पण एक दिवस कापड, दोऱ्या आणि कात्री घेऊन कारखान्याच्या यार्डात जाऊ. तिथे ट्रॅक्टर रांगेत तासन्‌तास उभे असतात, कुणाचा नंबर जाणार नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, चुलते, मामा त्याच रांगेत भेटतील. उद्या आपल्यापैकी कुणी शिकून-सवरून चार कड्यांची गाडी घेईल. जरूर घ्यावी. मलाही ती आवडली, खोटे कशाला बोलू? फक्त काच वर करण्यापूर्वी, पुढे अंधारात कोण चालला आहे, हे त्याला दिसेल एवढी सोय आपण आजच करून ठेवू.

कापड बांधायचे कसे, ते दाखवायला अण्णा येतो म्हणाले आहेत.